युद्धकैदी, गोलरक्षक आणि शिक्षक



फुटबॉलच्या मैदानावर प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. परंतु त्यांपैकीं दहांची स्थिति एक आणि अकराव्याची अगदीं निराळी. पुढें खेळणाऱ्या गड्यानें चार वेळां नेम चुकविला आणि पांचव्या वेळीं चेंडू जाळ्यांत घातला, तर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकानें चार वेळां चेंडू अडविला आणि पांचव्या वेळीं तो हातांतून निसटला, तर लोक ती एक चूकच लक्षांत ठेवतात. शिवाय गोलरक्षकाची जागा अशी असते कीं, त्याच्या पाठीमागें अगदीं जवळ प्रेक्षक बसलेले असतात आणि त्यांचा बरावाईट शब्द न शब्द त्याच्या कानीं पडतो. आतां अशी कल्पना करा कीं, ज्या राष्ट्राच्या विमानांनीं त्या प्रेक्षकांचीं घरेंदारें जमीनदोस्त केलीं, ज्या राष्ट्राशीं लढतांना त्यांचे मुलगे व भाऊ मरण पावले, त्याच राष्ट्राचा एक माजी सैनिक त्या जागीं येऊन उभा राहिला आहे. प्रेक्षकांनीं त्याच्याशीं कसें वागावें? आणि त्यानें तरी त्यांच्यापुढें कोणत्या तोंडानें उभें राहावें?

हा प्रसंग कल्पनेंतला नाहीं. इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं इ. स. १९४९ सालीं तो खरोखर घडला. त्या गोलरक्षकाचें नांव बर्ट ट्राउटमान. परदेशांत खेळाडू म्हणून कीर्ति मिळवून पुढें संघाचे व्यवस्थापक व शिक्षक झालेले पुरुष पुष्कळ आहेत. पण ट्राउटमानच्या चरित्रांत खेळाखेरीज दुसराहि एक धडा आहे, म्हणून तें आज तुमच्यापुढें ठेवीत आहें.

बर्नहार्ड कार्ल ट्राउटमान याचा जन्म ता. २२ ऑक्टोबर १९२३ रोजीं उत्तर जर्मनींतील ब्रेमेन या बंदराच्या शहरीं झाला. त्याचा बाप गोदीजवळच्या खताच्या कारखान्यांत कामगार होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत जी आर्थिक ओढाताण झाली तिच्यांत या कुटुंबाला आपलें घर विकून कामगारवस्तींत बिऱ्हाड करावें लागलें. मुलगा अंगानें काटक, धावण्या-उडण्यांत व चेंडूच्या खेळांत तरबेज. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आली आणि त्याच वर्षीं, वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, बर्नहार्ड नाझी पक्षाच्या बालसंघटनेंत दाखल झाला. तेथें मुलांना खेळ शिकवीत, छावण्यांना नेत, गाणीं म्हणावयास लावीत. आणि त्या गोड पदार्थांतूनच, आपला वंश तेवढा श्रेष्ठ व ज्यू लोक आपले वैरी, हें विष त्यांच्या पोटांत घालीत. मुलाला खेळ हवा होता. त्याच्याबरोबर काय गिळलें जात आहे हें ओळखण्याचें त्याचें वय नव्हतें. पालकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करावा.

१९४१ सालीं, सतरा वर्षांचा असतांना, तो आपण होऊन सैन्यांत शिरला व पुढें छत्रीसैनिक झाला. पूर्व आघाडीवर रशियनांशीं व नंतर पश्चिमेकडे इंग्रज-अमेरिकनांशीं तो लढला. शौर्याबद्दल त्याला 'आयर्न क्रॉस' हें पदकहि मिळालें. परंतु युक्रेनमधील एका रानांत त्यानें जें पाहिलें तें त्याला जन्मभर विसरतां आलें नाहीं. आपल्याच राष्ट्राचे शस्त्रधारी लोक निःशस्त्र स्त्रीपुरुषांना व मुलांना चराच्या कांठीं उभें करून गोळ्या घालीत होते. तो लपतछपत तेथून निसटला. तें थांबविण्याचें सामर्थ्य त्याच्यांत नव्हतें; पण पाहिलेली गोष्ट न पाहिल्यासारखी करणेंहि त्याला पुढें शक्य झालें नाहीं.

१९४५ सालीं युद्ध संपण्याच्या सुमारास तो इंग्रजांच्या हातीं सांपडला व युद्धकैदी म्हणून इंग्लंडांत आला. आरंभीं त्याची गणना कट्टर नाझी कैद्यांत झाली होती. अशा कैद्यांना, त्यांच्या सरकारानें छळछावण्यांत केलेल्या मनुष्यसंहाराचे चित्रपट मुद्दाम दाखविण्यांत येत. ट्राउटमाननेंहि ते पाहिले. पुढें छावणींत ज्यू अधिकाऱ्याची मोटार हांकण्याचें काम त्याच्याकडे आलें. ज्या जातीचा तिरस्कार करण्यास त्याला लहानपणीं शिकविलें होतें, त्या जातीच्या माणसाशीं रोजचा सहवास घडला. आपलें खरें शिक्षण इंग्लंडांत कैदी म्हणून आल्यावर सुरू झालें, असें तो म्हातारपणीं मोकळेपणानें सांगत असे. शिक्षण हें शाळेच्या चार भिंतींतच होतें असें नाहीं. आणि एकदां चुकीचें शिक्षण मिळालें म्हणून तें कायमचें राहतें असेंहि नाहीं.

लँकेशायर परगण्यांत अॅश्टन-इन-मेकरफील्ड या गांवीं कैद्यांची एक छावणी होती. तेथील जर्मन कैदी आसपासच्या हौशी संघांशीं फुटबॉल खेळत. ट्राउटमान तोंपर्यंत मैदानांत पुढें खेळणारा गडी होता. एका सामन्यांत त्याला दुखापत झाली, तेव्हां त्यानें आपल्या गोलरक्षकाबरोबर जागेची अदलाबदल केली. आणि त्या दिवसापासून गोलाची चौकट हीच त्याची जागा ठरली. तेथील इंग्रजांच्या जिभेला त्याचें जर्मन नांव वळेना, म्हणून त्यांनीं त्याचा 'बर्ट' केला.

१९४८ सालीं सुटका झाली. मायदेशीं परत जाण्याची मुभा असतांहि तो इंग्लंडांतच राहिला. कांहीं दिवस त्यानें शेतावर मजुरी केली आणि नंतर, जमिनींत रुतून राहिलेले न फुटलेले बाँब निकामी करण्याच्या कामावर तो लागला. फावल्या वेळांत तो सेंट हेलेन्स टाउन या लहानशा संघाकडून खेळे. त्याच्या खेळाची वार्ता पसरली, गर्दी वाढूं लागली, आणि ऑक्टोबर १९४९ मध्यें मँचेस्टर सिटी या नामांकित संघानें त्याला आपल्यांत घेतलें.

बातमी फुटतांच शहरांत वादळ उठलें. सुमारें वीस हजार लोकांनीं मिरवणूक काढून निषेध केला. संघाकडे संतप्त पत्रांचा पाऊस पडला. या लोकांना आपण उतावळे म्हणून मोकळे होऊं नये. १९४० च्या नाताळच्या सुमारास जर्मन विमानांनीं मँचेस्टरवर केलेल्या बाँबहल्ल्यांत शेंकडों माणसें मेलीं होतीं. त्या गोष्टीला अवघीं नऊ वर्षें झालीं होतीं. शहरांत ज्यू लोकांची मोठी वस्ती होती व त्यांतील कित्येकांचे युरोपांतील नातलग नाझींनीं मारले होते. त्यांचें दुःख खरें होतें व त्यांचा रागहि निष्कारण नव्हता.

अशा वेळीं एका माणसानें लेखणी उचलली. मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे प्रमुख धर्मगुरु डॉ. अलेक्झांडर आल्टमान हे स्वतः नाझी राजवटींतून निसटून १९३८ सालीं इंग्लंडांत आलेले होते. त्यांच्या आईबापांचा बळी नाझींनीं घेतला होता. ट्राउटमानविरुद्ध बोलण्याचा अधिकार सबंध शहरांत कोणास असेल, तर तो यांस होता. त्यांनीं वृत्तपत्रांत उघड पत्र लिहिलें. त्याचा भावार्थ असा होता कीं, जर्मनांनीं आमच्यावर घोर अत्याचार केले हें खरें; तथापि त्या अपराधांशीं ज्याचा संबंध नाहीं अशा एकट्या जर्मन मनुष्याला केवळ द्वेषापोटीं शिक्षा करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं; हा खेळाडू सज्जन असेल तर त्याला खेळूं द्यावें; प्रत्येक माणसाचा निवाडा ज्याच्या त्याच्या वर्तनावरून झाला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, या पत्रांत काय आहे तसेंच काय नाहीं, हेंहि नीट पाहा. 'झालें गेलें विसरून जा' असें आल्टमान यांनीं म्हटलें नाहीं. अपराध लहान होता असेंहि म्हटलें नाहीं. अपराध आणि अपराध्याच्या गांवचा माणूस यांत त्यांनीं भेद केला, इतकेंच. हा भेद करणें पुस्तकांत वाचतांना सोपें वाटतें; स्वतःच्या घरीं प्रेत पडलें असतां तें किती कठीण जात असेल याची कल्पना करावी. अमक्या जातीचे सारे लोक असेच, तमक्या गांवचीं सारींच मुलें तशींच, असें आपण कितीदां सहज बोलून जातों! ज्यांचें घरच उद्ध्वस्त झालें होतें, त्या माणसानें तसें बोलण्याचें नाकारलें.

संघाचा कप्तान एरिक वेस्टवुड हा नॉर्मंडीच्या रणांगणावर जर्मनांशीं लढून आलेला शिपाई होता. आपल्या खोलींत युद्ध नाहीं, असें सर्वांच्या देखत सांगून त्यानें नवागताचें स्वागत केलें. १९ नोव्हेंबर १९४९ रोजीं बोल्टन संघाविरुद्ध ट्राउटमान प्रथम मैदानांत उतरला. पुढें जानेवारी १९५० मध्यें फुलहॅम संघाशीं सामना खेळण्यासाठीं तो लंडनला गेला. बाँबहल्ल्यांनीं होरपळलेल्या त्या राजधानींत प्रेक्षकांनीं आरंभीं त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला. सिटीचा संघ त्या दिवशीं एका गोलानें हरला. पण ट्राउटमाननें एकामागून एक इतके चेंडू अडविले कीं, खेळ संपला तेव्हां तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते, आणि दोन्ही संघांचे खेळाडू दुतर्फा रांग करून त्याला मानवंदना देत होते. त्यानें कोणास प्रत्युत्तर केलें नव्हतें. आपलें काम तेवढें केलें होतें.

आतां त्याच्या खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तुमच्यांपैकीं पुष्कळांस त्यांत गोडी असेल. त्या काळचे बहुतेक गोलरक्षक चेंडू हातीं येतांच लाथेनें दूर उडवून देत. मग तो आपल्या गड्याकडे जावो अथवा प्रतिपक्ष्याकडे. ट्राउटमान जर्मनींत लहानपणीं हातानें चेंडू फेकण्याचे खेळ खेळलेला. तो चेंडू हातानें लांबवर व अचूक फेकून थेट आपल्याच मोकळ्या गड्याच्या पायांशीं पोंचवी. अशा रीतीनें बचाव संपतो त्याच क्षणीं चढाई सुरू होई. १९५४-५५ च्या हंगामांत सिटीनें डॉन रेव्ही या खेळाडूभोंवतीं जी नवी खेळपद्धति बसविली, तिला या फेकीचा मोठाच आधार झाला. शत्रुदेशांत शिकलेली कला नव्या घरीं उपयोगी पडली.

१९५५ सालीं इंग्लंडच्या एफ. ए. कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत तो खेळला. असा मान मिळविणारा तो पहिला जर्मन. त्या वर्षीं न्यूकॅसलनें सिटीला ३-१ असें हरविलें. दुसऱ्या वर्षीं, ५ मे १९५६ रोजीं, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर सुमारें एक लाख प्रेक्षकांसमोर सिटीची गांठ बर्मिंगहॅम सिटीशीं पडली. सामना संपण्यास सुमारें सतरा मिनिटें उरलीं असतां ट्राउटमाननें प्रतिपक्षाच्या पीटर मर्फी या गड्याच्या पायांशीं झेप घेतली व मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर जोरानें आदळला. त्या काळीं जखमी गड्याच्या जागीं दुसरा गडी घेण्याची मुभा नव्हती. डोळ्यांपुढें अंधेरी येत असतां, मान धरून, तो अखेरपर्यंत खेळला. आणखी चेंडूहि त्यानें अडविले. सिटीनें ३-१ असा विजय मिळविला. चार दिवसांनीं क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें तेव्हां कळलें कीं, मानेचे पांच मणके सरकले असून दुसरा मणका दुभंगला आहे! तिसरा मणका त्याला टेंकून अडकून बसला, म्हणूनच त्याचा प्राण वांचला.

या गोष्टीचें आश्चर्य वाटणें साहजिक आहे; परंतु तिचें अनुकरण कोणीहि करूं नये. आपली मान मोडली आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. मानेला किंवा डोक्याला मार बसल्यावर खेळत राहणें म्हणजे शौर्य नसून जिवाशीं खेळ आहे. अशा वेळीं गड्याला हलूं न देतां आधीं जाणत्या माणसास बोलवावें. १९६५ सालापासून इंग्लिश लीगमध्यें जखमी खेळाडूच्या जागीं दुसरा घेण्याची सोय झाली, ती योग्यच झाली.

त्याच १९५६ सालीं इंग्लंडांतील क्रीडालेखकांनीं त्याला वर्षांतील सर्वोत्तम फुटबॉलपटु म्हणून निवडलें होतें. त्यापूर्वीं हा मान कोणाहि गोलरक्षकास मिळाला नव्हता. पण सुखाबरोबर दुःखहि आलें. मान बरी होत असतांनाच त्याचा पांच वर्षांचा मुलगा मोटारीखालीं सांपडून मरण पावला. शरीराची जखम भरून आली. ही जखम भरून आली असें म्हणवत नाहीं. तरीहि डिसेंबरांत तो पुन्हां मैदानावर आला. १९६४ पर्यंत सिटीसाठीं तो एकंदर ५४५ सामने खेळला. त्या वर्षीं एप्रिलमध्यें त्याच्या निरोपाचा सामना झाला, तेव्हां सत्तेचाळीस हजारांहून अधिक लोक जमले होते. पंधरा वर्षांपूर्वीं निषेधासाठीं निघालेल्या वीस हजारांपैकीं किती जण त्यांत असतील कोण जाणे! मायदेशाच्या संघाकडून मात्र तो कधींच खेळला नाहीं. कारण जर्मन संघाचे शिक्षक हेरबेर्गर हे परदेशीं खेळणाऱ्यास घेत नसत.

खेळाडूचें आयुष्य संपल्यावर व्यवस्थापकाचें आयुष्य सुरू झालें. खेळाडूला आपल्या हातापायांचा हिशोब द्यावा लागतो. व्यवस्थापकाला अकरा जणांच्या हातापायांचा, शिवाय तिकिटांच्या पैशांचाहि. १९६४ सालीं ट्राउटमान स्टॉकपोर्ट काउंटी या गरीब संघाचा प्रमुख व्यवस्थापक झाला. जवळच मँचेस्टरचे दोन बलाढ्य संघ असल्यामुळें शनिवारीं स्टॉकपोर्टकडे कोणी फिरकत नसे. म्हणून या संघानें आपले घरचे सामने शुक्रवारीं संध्याकाळीं ठेवण्यास सुरुवात केली. १९६५ च्या जानेवारींत लीगच्या तळाशीं असलेल्या या संघानें लीग-विजेत्या लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर एफ. ए. कपमध्यें १-१ असें बरोबरींत रोखलें. फेरसामना मात्र स्टॉकपोर्टनें गमावला आणि हंगामाच्या शेवटीं तो लीगमध्यें सर्वांत खालींच राहिला. मालकांशीं मतभेद होऊन ट्राउटमाननें १९६६ सालीं तें काम सोडलें. पुढें जर्मनींत म्यून्स्टर व र्‍युसेल्सहाइम येथील संघांचें काम त्यानें पाहिलें. तेथेंहि मोठें यश लाभलें नाहीं. तो स्वभावानें तापट होता, हेंहि सांगितलें पाहिजे. उत्तम खेळणारा उत्तम व्यवस्थापक होतोच असें नाहीं.

त्याचें खरें दुसरें कार्य यापुढें सुरू झालें. जर्मन फुटबॉल संघटनेनें ज्या देशांत खेळाच्या शिक्षणाची सोय कमी होती तेथें शिक्षक पाठविण्याचें ठरविलें होतें. ट्राउटमान १९७२ सालीं आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशांत गेला. तेथील खेळाडू मुळांतच गुणी. १९६६ व १९७० च्या आशियाई स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें होतें. त्याच १९७२ सालीं ब्रह्मदेशाचा संघ म्यूनिक येथील ऑलिंपिकमध्यें खेळला. रशिया व मेक्सिको यांच्याशीं तो अवघ्या एकेका गोलानें हरला आणि सूदानला त्यानें २-० असें जिंकलें. यानंतर टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, येमेन असे देश हिंडून १९८८ पर्यंत ट्राउटमाननें शिक्षकाचें काम केलें. तेथें लाखाची गर्दी नव्हती कीं चषक नव्हते. धुळीच्या मैदानांवर मुलांना व तरुण शिक्षकांना खेळ समजावून सांगण्याचें तें काम होतें. परक्या लोकांनीं आपल्याला एकदां संधि दिली. तें ऋण त्यानें दुसऱ्या परक्यांना शिकवून फेडलें, असें मला वाटतें.

जर्मनीनें १९९७ सालीं व इंग्लंडच्या राणीनें २००४ सालीं त्याचा सन्मान केला, तो दोन राष्ट्रांत सलोखा घडविल्याबद्दल. १९ जुलै २०१३ रोजीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, स्पेनमध्यें त्याचें निधन झालें.

असो. या चरित्रांत दोन माणसें शेजारीं शेजारीं उभीं केल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाहीं. एक ट्राउटमान, दुसरे आल्टमान. पत्र लिहिणारे धर्मगुरु नसते, तर गोलरक्षकाला संधि मिळणें कठीण होतें; आणि गोलरक्षक पुढें नीट वागला नसता, तर त्या पत्राचे शब्द खोटे ठरले असते. एकानें विश्वास टाकला, दुसऱ्यानें तो राखला. आपल्या वर्गांत, मैदानावर, गल्लींत या दोहोंपैकीं एक भूमिका आज ना उद्यां प्रत्येकाच्या वांट्यास येणार आहे. नव्यानें आलेला, परक्या भाषेचा अथवा बदनाम झालेल्या घरचा मुलगा दाराशीं उभा राहील, त्या वेळीं त्याच्या गांवाचें किंवा घराण्याचें नांव विचारून थांबूं नका. त्याला मैदानांत घ्या आणि तो कसा खेळतो तें पाहा. आणि तो मुलगा तुम्ही स्वतःच असाल, तर शिव्यांना उत्तर देत बसूं नका. पुढचा चेंडू येत आहे, तिकडे लक्ष ठेवा.